बदकामागची लाट आणि लहानशी चाचणी

तळ्यात बदक पोहत निघालं की त्याच्या मागे दोन्ही बाजूंना लाटांच्या रेघा पसरत जातात. होडीमागे आणि मोठ्या जहाजामागेही तशाच. दिसायला छान, पण ही लाट फुकट उठत नाही. पाणी वर उचलायला ताकद लागते. ती वल्हवणाऱ्याच्या हातातून जाते, नाहीतर इंजिनातल्या इंधनातून.

दीडशे वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये वाफेची जहाजं कोळशावर चालायची. नव्या जहाजाला किती ताकदीचं इंजिन लागेल, हे आधी नेमकं सांगता येत नव्हतं. चूक कळायची ती जहाज बांधून झाल्यावर. आधी छोटा नमुना करून पाहावा म्हटलं, तर नमुन्यावर बऱ्याच जाणत्यांचा भरवसा नव्हता.

विल्यम फ्रूड या अभियंत्याने १८६७ मध्ये डार्ट नदीत ३, ६ आणि १२ फुटी नमुने ओढून पाहिले. एका आकाराचं नाव 'स्वान' म्हणजे हंस, दुसऱ्याचं 'रेव्हन' म्हणजे डोमकावळा. ओढताना किती जोर लागतो ते त्याने मोजलं आणि लाटाही नीट पाहिल्या. त्याला नियम सापडला. लांबी चौपट असेल तर वेग दुप्पट ठेवायचा. मग दोन्हींमागे लाटांची नक्षी सारखीच उठते, फक्त एक लहान, एक मोठी.

पण एक अडचण होती. पाणी जहाजाच्या अंगाला घासतं, आणि ते घर्षण या नियमाने वाढत नाही. फ्रूडने त्याचा हिशोब वेगळा मांडला आणि शेवटी दोन्हींची बेरीज केली. 'ग्रेहाउंड' हे आरमाराचं खरं जहाज समुद्रात ओढून पाहिलं, तेव्हा हा हिशोब जुळला. सरकारी पैशातून टॉर्की गावी त्याच्या घराजवळ लांब हौद बांधला होता. तिथे १८७२ पासून मेणाचे नमुने ओढून चाचण्या सुरू झाल्या. आजही मोठं जहाज बांधण्याआधी त्याचा नमुना हौदात ओढून पाहतात.

पुढे १८८७ मध्ये लॉर्ड केल्विन यांनी गणिताने दाखवलं, की खोल पाण्यात बदक असो वा जहाज, मागच्या लाटांचा कोन सुमारे ३९ अंशांचाच असतो. फार वेगवान बोटीमागे मात्र तो अरुंद दिसतो.

आपल्या गटाच्या कामाचं यात काय आहे? एक किलो पापड छान झाले, आता चाळीस किलो करू, असं आपण ठरवतो. पीठ-मसाला चाळीसपट घेता येतो. अंगणातलं ऊन मात्र तेवढंच राहतं, आणि लाटणारे हातही. म्हणून लहान चाचणी जरूर करा, पण वहीत दोन रकाने आखा. कामाबरोबर वाढणाऱ्या गोष्टी एकात लिहा, न वाढणाऱ्या दुसऱ्यात. कर्जाचा अर्ज त्यानंतर भरा.