महाबळेश्वरची टोपली कोणी विणली?

१/
तीन दिवसांची सलग सुट्टी आली की पुण्या-मुंबईहून निघालेल्या गाड्यांची रांग पसरणीच्या घाटात लागते. बेत बहुधा ठरलेलाच असतो. पहाटे विल्सन पॉइंटवर सूर्योदय, दिवसभर कड्याकड्यांवरून भटकंती, सायंकाळी वेण्णा तलावाकाठी गरम मक्याचे कणीस आणि स्ट्रॉबेरी विथ क्रीम, शेवटी बाजारातून चपला, चणे, मध आणि वेताची एखादी टोपली. खाणे, भटकणे, खरेदी! महाबळेश्वरच्या या तिन्ही सुखांच्या मुळाशी एक तुरुंग आहे. हा धागा त्या तुरुंगाविषयी.

२/
प्रथम थोडी पार्श्वभूमी. आज ज्याला आपण जुने किंवा क्षेत्र महाबळेश्वर म्हणतो, ते स्थान फार प्राचीन. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचा उगम येथे मानला जातो. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव राजा सिंघणाने कृष्णेच्या उगमाशी मंदिर व कुंड बांधल्याचे सांगतात. पुढे हा मुलूख जावळीच्या मोऱ्यांकडे होता. १६५६ साली शिवाजी महाराजांनी जावळी घेतली आणि जवळच प्रतापगड उभा राहिला. यात्रेकरू, पुजारी, धनगर, कोळी, कुळवाडी यांचा हा डोंगर होता. हवा खाण्यासाठी मात्र येथे कोणी येत नसे.

३/
ते वळण आले १८२४ साली. साताऱ्यास तळ असलेल्या इंग्रजी फौजेतील अधिकारी पीटर लॉडविक हे डोंगर चढून वर आले. या माथ्यावर पोहोचलेले पहिले युरोपीय म्हणून त्यांचे नाव नोंदले गेले. उन्हाळ्यात मैदानी छावण्यांमध्ये गोरे सैनिक ताप आणि अतिसाराने खंगत असत. त्यांना समुद्रसपाटीपासून सुमारे चौदाशे मीटर उंचीवरचे हे थंड पठार म्हणजे औषधच वाटले.

४/
पण जंगलाने वेढलेल्या माथ्यावर आजारी माणसांना न्यायचे कसे? त्यासाठी रस्ता हवा होता. तो बांधला साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराजांनी. रेसिडेंट कर्नल जॉन ब्रिग्ज यांनी तशी सूचना केली होती. प्रतापसिंह हे नव्या विद्यांची आवड असलेले राजे. साताऱ्यात त्यांनी पाठशाळा काढली, छापखाना चालवला, शहराच्या पाणीपुरवठ्याची व्यवस्था केली. महाबळेश्वरचा रस्ता हे त्याच वृत्तीचे काम होय.

५/
१८२८ मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम स्वतः येथे आले. १६ मे १८२९ रोजी त्यांचा राजांशी करार झाला. डोंगरमाथ्यावरचा नहर गावाभोवतीचा प्रदेश इंग्रजांना मिळाला आणि त्याच्या मोबदल्यात वाई भागातील खंडाळा गाव राजांना देण्यात आले. नव्या वस्तीला राजांनी गव्हर्नरांच्या सन्मानार्थ ‘माल्कम पेठ’ असे नाव दिले. आजचा महाबळेश्वरचा बाजार म्हणजे तीच पेठ.

६/
आता खरा प्रश्न उभा राहिला. नकाशावर पेठ वसवणे सोपे. प्रत्यक्षात झाडी तोडायची कोणी, रस्ते करायचे कोणी, बंगल्यांना भाजी पुरवायची कोणी? पावसाळ्यात येथे साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो. दर वर्षी रस्ते वाहून जाणार, दर वर्षी नव्याने बांधावे लागणार. त्यासाठी स्वस्त आणि पळून जाऊ न शकणारे मनुष्यबळ हवे होते. कंपनी सरकारने ते समुद्रापलीकडून आणले.

७/
पिनांग, मलाक्का आणि सिंगापूर या इंग्रजी ठाण्यांत शिक्षा झालेले चिनी आणि मलायी कैदी जहाजाने मुंबई इलाख्यात पाठवले जात. त्यांपैकी काहींना महाबळेश्वरी आणले. त्यांच्यासाठी येथे तुरुंग बांधण्यात आला. त्यात सुमारे १२० कैद्यांची सोय होती. १८६४ साली तो बंद झाला. दरम्यान सुमारे तीन दशके या गिरिस्थानाचा गाडा त्यांच्याच खांद्यावर चालला.

८/
प्रथम भटकंतीविषयी. आज आपण ज्या वाटांनी एका कड्यावरून दुसऱ्या कड्यावर जातो, त्या वाटा साहेब-मेमसाहेबांच्या सकाळ-संध्याकाळच्या फेरफटक्यासाठी आखल्या गेल्या होत्या. तांबड्या जांभ्या मातीचे ते रस्ते पावसानंतर पुन्हा घडवणे, दगड फोडणे, चर खणणे ही कामे मुख्यतः कैद्यांची. ‘निसर्गरम्य’ वाटणारी ती वळणे अशी कुदळ-फावड्याने काढलेली आहेत.

९/
नंतर खाण्याविषयी. चिनी कैद्यांमध्ये निष्णात बागाईतदार होते. ओढ्यांच्या काठी त्यांनी भाजीचे मळे फुलवले. बटाटा आणि इतर विलायती भाज्या कशा पिकवाव्यात, हे स्थानिक शेतकरी त्यांच्याकडून शिकले. महाबळेश्वरच्या बटाट्याने पुढे पुण्या-मुंबईच्या बाजारांत नाव कमावले. कैदी येथे आरारूटही तयार करीत. म्हणजे या डोंगरावर विक्रीसाठी नवी पिके घेण्याची जी परंपरा आज स्ट्रॉबेरीपर्यंत येऊन पोहोचली आहे, तिची पहिली धुळाक्षरे बेड्या भोगलेल्या हातांनी गिरवली आहेत.

१०/
आता खरेदी. टोपल्या विणणे, वेताच्या खुर्च्या करणे ही कामेही हे कैदी करीत आणि त्यांच्याकडूनच ती कला गावकऱ्यांत उतरली. तुरुंग बंद झाला, कैदी गेले, पण विणकाम राहिले. बाजारातली टोपली आपण ‘महाबळेश्वरची खास वस्तू’ म्हणून घरी आणतो. ती खास आहेच. फक्त तिच्या विणीचा एक धागा मलाक्काच्या सामुद्रधुनीपर्यंत जातो.

११/
येथे एक सावधगिरी बाळगू या. या कैद्यांना मळे करण्याची, वस्तू घडवण्याची मोकळीक मिळाली, म्हणून त्यांचे जीवन सुखाचे होते असे समजण्याचे कारण नाही. हद्दपारी ही त्या काळी अत्यंत कठोर शिक्षा होती. भाषा वेगळी, अन्न वेगळे, हवा वेगळी. घरी परतण्याची शाश्वती नाही. हिंदुस्थानातील माणसाला समुद्रापार धाडले की आपण त्याला ‘काळे पाणी’ म्हणतो. या चिनी-मलायी माणसांचे काळे पाणी सह्याद्रीच्या माथ्यावर होते.

१२/
आणि हा व्यवहार दुहेरी होता. त्याच काळात मुंबई, मद्रास आणि बंगाल इलाख्यांतील हिंदी कैदी सिंगापूर, पिनांग, मलाक्का येथे पाठवले जात होते. १८२५ पासून सिंगापुरात हिंदी कैदी येऊ लागले. तेथील जंगल त्यांनी तोडले, रस्ते बांधले, विटा भाजल्या. सिंगापूरचे आजचे प्रसिद्ध सेंट अँड्र्यूज कॅथेड्रल हिंदी कैद्यांच्या श्रमांतून उभे राहिले. १८७३ साली ही व्यवस्था संपली. सिंगापूरचा कैदी महाबळेश्वर घडवीत होता आणि हिंदुस्थानचा कैदी सिंगापूर! दोघांनाही मायभूमीपासून तोडले की पळून जायला जागा उरत नाही, हा त्यामागचा साधा हिशेब.

१३/
आता कड्यांच्या नावांकडे पाहू. सिंदोळ्याचा विल्सन पॉइंट झाला, मढीमहालाचे आर्थर सीट झाले. एल्फिन्स्टन, फॉकलंड, कारनॅक, नॉर्थकोट हे सारे मुंबईचे गव्हर्नर. माल्कम यांच्या मुलीच्या नावाने केट्स पॉइंट आहे. ज्यांच्या हाती सत्ता होती, त्यांची आणि त्यांच्या आप्तांची नावे डोंगराला चिकटली. पर्यटकांना घेऊन फिरणारे टॅक्सीचालक आजही तीच यादी तोंडपाठ म्हणतात.

१४/
यांतील कारनॅक हे नाव लक्षात ठेवण्यासारखे आहे. सर जेम्स कारनॅक गव्हर्नर असतानाच, सप्टेंबर १८३९ मध्ये, प्रतापसिंह महाराजांना कंपनीविरुद्ध कट केल्याच्या आरोपावरून पदच्युत करण्यात आले. ज्या राजांनी रस्ता बांधला आणि करार करून डोंगर दिला, त्यांना दहा वर्षांत काशीला धाडले. त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी लंडनला गेले आणि वर्षानुवर्षे तेथे झगडले. उपयोग झाला नाही. १८४७ साली महाराजांचे काशीलाच निधन झाले. कारनॅक यांच्या नावाचा कडा महाबळेश्वरी आहे. रस्ता बांधणाऱ्या राजांच्या नावाचा नाही.

१५/
नौकाविहारासाठी गर्दी होते तो वेण्णा तलावही साताऱ्याच्या गादीचीच देणगी. प्रतापसिंहांचे बंधू शहाजी ऊर्फ अप्पासाहेब महाराज यांनी १८४२ साली तो बांधवला. हेतू विहाराचा नव्हता, पाण्याच्या सोयीचा होता. सहा वर्षांनी अप्पासाहेबही वारले आणि दत्तकपुत्र नामंजूर करून डलहौसीने सातारचे राज्य खालसा केले. तलाव राहिला, राज्य गेले.

१६/
स्थानिकांमध्येही सर्वांचाच लाभ झाला असे नाही. या डोंगरात धावड नावाची, लोखंड गाळणारी मुसलमान जमात राहत असे. येथील जांभ्यातून लोहखनिज काढून ते कोळशाच्या भट्ट्यांत वितळवत. एकोणिसाव्या शतकात त्या भट्ट्या विझल्या. एकीकडे टोपली विणण्याची नवी कला येत होती, दुसरीकडे पिढ्यान्‌पिढ्यांची जुनी कला लोपत होती. नव्या स्थानकाचा इतिहास लिहिताना ही दुसरी बाजूही मांडली पाहिजे.

१७/
सरकारी प्रयोगही येथे सगळेच साधले नाहीत. हिवतापावरील कोयनेलसाठी लिंगमळ्यास सिंकोनाची लागवड करून पाहिली. या पावसात ती टिकली नाही. बटाटा टिकला, कारण माती आणि पाणी ओळखणारे हात त्यामागे होते. पुढे इंग्रजांनीच आणलेली स्ट्रॉबेरी येथे रुजली आणि २०१० साली ‘महाबळेश्वर स्ट्रॉबेरी’ला भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकनाच्या कागदावर गावाचे नाव येते. रोपे लावणाऱ्या, फळे खुडणाऱ्या मजुरांचे नाव आजही त्यावर नसते.

१८/
मग त्या १२० कैद्यांची काहीच खूण उरली नाही का? एक उरली आहे. महाबळेश्वरच्या दक्षिणेस एक धबधबा आहे. त्याच्या आसपास चिनी कैद्यांचे मळे होते, म्हणून त्याचे नाव पडले ‘चायनामन्स फॉल’. गव्हर्नरांच्या नावांच्या त्या लांबलचक यादीत श्रम करणाऱ्यांच्या वाट्याला आलेले हे नाव. तेही एका व्यक्तीचे नव्हे. ‘तो चिनी माणूस’, इतकेच. त्याचे स्वतःचे नाव काय, हे विचारण्याची गरज नाव ठेवणाऱ्यांना वाटली नाही.

१९/
तेव्हा पुढच्या सुट्टीत महाबळेश्वरला जाल, तेव्हा मनसोक्त खा, फिरा, खरेदी करा. त्यात अपराधी वाटून घेण्यासारखे काही नाही. फक्त आर्थर सीट आणि विल्सन पॉइंटच्या जोडीला अर्धा तास चायनामन्स फॉलसाठी राखून ठेवा. पावसाळ्यानंतरच्या दिवसांत गेलात तर पाणीही भरपूर असेल. सोबतच्यांपैकी कोणी नावाचा अर्थ विचारला, तर हा इतिहास त्यांना सांगा.

२०/
आपल्या घरी महाबळेश्वरची एखादी जुनी टोपली, वेताची खुर्ची किंवा आजी-आजोबांच्या काळातील तेथील छायाचित्र असेल, तर खाली अवश्य लिहा. पुढील धाग्यात रत्नागिरीकडे वळू. समुद्रापलीकडच्या कैद्यांची एक वाट तिकडेही गेली होती.