ओसरीवरून माजघरात : डी भाषेच्या कंपायलरची हकीकत

माणसाने लिहिलेला प्रोग्राम संगणकाला जसाच्या तसा कळत नाही. त्याला कळतात ते आकडी हुकूम. मधला दुभाष्या म्हणजे कंपायलर. पेशवाईत फारसी पत्रव्यवहारासाठी पारसनीस असत, तसाच हा समजा. मात्र याची अंगे दोन. पुढचे अंग प्रोग्राम वाचते, व्याकरण तपासते आणि आशय एका मधल्या रूपात मांडते. मागचे अंग त्यावरून यंत्राचे हुकूम तयार करते. सोय अशी की, मागचे अंग एकदा नीट बसले म्हणजे नव्या भाषेसाठी पुढचे तेवढे करायचे.

जीसीसी हा असाच एक मोठा कंपायलर. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ साली तो लोकांना खुला केला, तेव्हा तो सी या एकाच भाषेसाठी होता. पुढे इतर भाषा त्याच्या आश्रयाला आल्या.

डी ही भाषा वॉल्टर ब्राइट यांची. ती २००१ साली बाहेर आली. त्यांच्या कंपायलरचे पुढचे अंग खुले होते, मागचे परवान्यात अडकलेले. ते मोकळे झाले २०१७ मध्ये. म्हणून डेव्हिड फ्रीडमन यांनी २००४ मध्ये ते पुढचे अंग जीसीसीच्या मागच्या अंगाला जोडले. त्याचे नाव जीडीसी.

जोडले खरे, पण बाहेरून! आणि खरी दगदग तिथेच. जीसीसीची मंडळी आपल्या घरातली मांडामांड बदलत. त्यांनी ओसरीवरच्या पाहुण्याचा विचार का करावा? दर नव्या आवृत्तीला जीडीसीचे सांधे निखळत. इकडे डी भाषाही वाढत होती. दोन्ही काठ सरकते असताना मधला साकव टिकवायचा, असे हे काम. ते पुढे इयन बकलॉ यांनी वर्षानुवर्षे केले. अशा कामाला टाळ्या मिळत नाहीत, हे शिक्षक मंडळींना वेगळे सांगायला नको.

जून २०१७ मध्ये जीसीसीच्या सुकाणू समितीने होकार दिला. पण होकार म्हणजे प्रवेश नव्हे. सगळ्या मजकुराची तपासणी झाली, दुरुस्त्या झाल्या आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये डी मुख्य घरात आली. मे २०१९ च्या ९.१ आवृत्तीत ती सर्वांच्या हाती पडली. आता आतली मांडणी बदलणाऱ्यालाच डी मोडत नाही ना, हे पाहणे भाग पडले. एकट्याचा भार वाटला गेला तो असा.

घरात आले म्हणजे कायमचे राहिले, असे मात्र नाही हं. जावाचे पुढचे अंग जीसीसीत बरीच वर्षे होते. सांभाळणारे उरले नाहीत, तेव्हा २०१६ मध्ये ते काढून टाकले.

एक पेच सांगायचा राहिला. डीचे मूळ पुढचे अंग २०१५ मध्ये खुद्द डी भाषेतच उतरवले गेले होते. मग ज्या यंत्रावर डीचा कंपायलरच नाही, तिथे तो बांधायचा कसा? पहिला हातोडा कोणत्या हातोड्याने घडवायचा? म्हणून ९.१ मध्ये मुद्दाम जुने, सी++ मध्ये लिहिलेले अंग ठेवले. २०२२ च्या बाराव्या आवृत्तीत डीमधले नवे अंग आले. ते बांधायला आधी जीडीसी हाताशी लागतो.