घाटातली छोटी गाडी : वाफ की डिझेल?

वाचकहो, आपल्या खेड्यापाड्यांतून जुन्या माणसांच्या तोंडी अजूनही 'आगीनगाडी' हा शब्द ऐकू येतो. शब्द मोठा बोलका आहे. जिच्या पोटात आग ती आगीनगाडी. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, तेव्हा बैल नाही, घोडा नाही आणि तरी गाडी पळते, हे पाहून लोकांनी तिच्या आगीवरूनच तिचे नाव ठेवले. आज ती आग विझली आहे. चित्तरंजनच्या कारखान्याने १९७२ साली वाफेचे इंजिन बांधणे थांबविले, आणि रुंद रुळांवरची नेहमीची वाफेची गाडी डिसेंबर १९९५ मध्ये पंजाबात शेवटची धावली. तरीही आजची मुले अंगणात गाडीगाडी खेळू लागली की तोंडाने 'झुकझुक'च करतात. डिझेलचे इंजिन झुकझुक करीत नाही, विजेचे तर नाहीच नाही. मुलांनी कधी न ऐकलेला आवाज त्यांच्या खेळात टिकून राहिला आहे!

मात्र काही ठिकाणी ही जुनी गाडी वारसा म्हणून मुद्दाम जपली जाते. आपल्या माथेरानची गाडी त्यांतलीच. अशा गाडीपुढे एक प्रश्न हटकून उभा राहतो. तिला जुने वाफेचे इंजिनच जोडावे, की गाडी चालू राहावी म्हणून डिझेल जोडले तरी चालेल? तुम्ही म्हणाल, हा हौशी लोकांचा वाद, आम्हां शेतकऱ्यांना आणि शिक्षकांना त्याचे काय? पण विचार करून पाहा. विहिरीवरची मोट गेली, तेलाचे इंजिन आले. तेही गेले, विजेची मोटर आली. मोट जपायची म्हणजे काय जपायचे? चामड्याचा डोल खुंटीला टांगून ठेवायचा, की ती हाकण्याचे कसब जपायचे? प्रश्न एकच आहे. रुळांवर तो जरा स्पष्ट दिसतो, इतकेच.

प्रथम या गाडीची हकीकत ऐका. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० साली माथेरानच्या डोंगरावर गेले आणि तिथली थंड हवा साहेबलोकांना माहीत झाली. मुंबईहून नेरळपर्यंत रेल्वे होती. पण पुढचा डोंगर घोड्यावरून, पालखीतून नाही तर पायी चढावा लागे. मुंबईचे उद्योगपती सर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने तिथे रूळ टाकण्याचे मनावर घेतले. मुलगा अब्दुल हुसेन याने काम अंगावर घेतले, पैसा वडिलांनी पुरविला. सुमारे सोळा लाख रुपये खर्च झाला. त्या काळचे सोळा लाख बरे का! मार्च १९०७ मध्ये नेरळहून माथेरानला गाडी सुरू झाली. अंतर अवघे एकवीस किलोमीटरच्या आतबाहेर, पण नेरळच्या सखल जमिनीवरून सुमारे आठशे मीटर उंची गाठायची. दोन रुळांमधील अंतर फक्त दोन फूट. चढ असा की काही ठिकाणी वीस फूट पुढे गेले की एक फूट वर जावे लागते. आणि वळणे अशी की पहिल्या डब्यातल्या माणसाला शेवटच्या डब्यातला माणूस खिडकीतून समोर दिसावा.

अशा वाटेवर साधे इंजिन काय करणार? त्यासाठी जर्मनीतील ओरेनश्टाइन आणि कॉपेल या कारखान्याकडून खास चार इंजिने आणली. सहा चाके एकमेकांना दांड्यांनी जोडलेली असली की इंजिनाला जोर चांगला मिळतो, पण ते तीव्र वळणावर अडते. बैलगाडी लांब आणि गल्ली अरुंद असली म्हणजे जसे होते, तसेच. यावर तोड अशी काढली की पुढच्या आणि मागच्या चाकांचे आस पोकळ केले, नळीसारखे. नळीच्या आत भक्कम गाभा, आणि चाके बसविलेली बाहेरच्या नळीला. त्यामुळे वळण आले की चाकांची जोडी थोडी सरके, थोडी वळे आणि इंजिन वाट काढी. १९०७ सालचे हे कौशल्य पाहिले म्हणजे आजही मान डोलते.

आता वाफेचे इंजिन चालते कसे तेही पाहू, कारण पुढच्या वादाचे मूळ त्यातच आहे. शेगडीत कोळसा पेटतो. त्या आगीने बॉयलरमधील पाण्याची वाफ होते. वाफ सिलिंडरमध्ये शिरून दट्ट्या ढकलते आणि दट्ट्या चाके फिरवितो. काम झालेली वाफ धुराड्यातून जोराने बाहेर पडते, तोच 'झुक' असा आवाज. साध्या दोन सिलिंडरांच्या इंजिनात चाकाच्या एका फेऱ्याला असे चार ठोके पडतात. पण गंमत पुढेच आहे. बाहेर पडणारी ही वाफ जाता जाता शेगडीतून हवा ओढून घेते. म्हणजे चढ लागला, इंजिनाने जोर केला, की ठोके जड पडतात आणि आग आपोआप अधिक फुलते. लोहाराचा भाता जणू इंजिनच ओढीत असते. म्हणून मुरलेला ड्रायव्हर डोळ्यांइतकाच कानांनी गाडी हाकीत असे. ठोका बदलला की आगीत काय झाले, हे फायरमनला न सांगता कळे.

पण या विद्येची किंमतही भारी होती. सकाळी गाडी सोडायची तर रात्रीच आग पेटवावी लागे. राख काढा, कोळसा फोडा, पाणी भरा, ठराविक दिवसांनी बॉयलर धुऊन गाळ काढा. दार्जिलिंगच्या छोट्या इंजिनावर तर ड्रायव्हर आणि फायरमन यांच्या जोडीला एक कोळसा फोडणारा लागे, आणि ओल्या रुळांवर चाके घसरू नयेत म्हणून इंजिनाच्या पुढ्यात बसून वाळू टाकणारे दोघे. आणि एवढे करून कोळशाच्या शंभर भाग उष्णतेतले पाच ते आठ भागच गाडी ओढण्याच्या कामी येत. बाकी सारे धुराड्यातून आकाशात! डिझेल इंजिन त्याच हिशेबाने पंचवीस-तीस भाग कामी लावते. शिवाय कळ फिरविली की ते तयार, गाडी थांबली की बंद.

म्हणून १९५५ च्या सुमारास माथेरानच्या रुळांवर डिझेल इंजिने आली. तीही जर्मनीचीच, युंग कारखान्याची. पुढे पंचवीसेक वर्षे वाफ आणि डिझेल यांनी या घाटात एकत्र संसार केला. १९८० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत वाफेची इंजिने निवृत्त झाली. त्यांतले एक दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात गेले. पुढे बंगळूरच्या कारखान्यात बांधलेली डिझेल इंजिनेही इथे आली.

आता वाचकहो, जरा हिशेब करा. वाफेने या घाटात सुमारे पंचाहत्तर वर्षे सेवा केली. डिझेल १९५५ पासून आहे, म्हणजे त्यालाही सत्तर वर्षे झाली! आज नातवंडांना घेऊन माथेरानला जाणारे आजोबा स्वतः लहानपणी डिझेलच्याच गाडीत बसले असण्याचा संभव मोठा. मग 'जुने' कोणते? आपण ज्याला उपरे समजतो, तेही घरचेच झाले की!

आणि हेही विसरू नये की ही गाडी पुनःपुन्हा बंद पडली आणि पुन्हा उभी राहिली. २६ जुलै २००५ च्या प्रलयंकारी पावसात रूळ वाहून गेले. गाडी २००७ साली परत सुरू झाली. २०१६ साली डबे घसरल्यामुळे काही काळ बंद होती. २०१९ च्या पावसाने पुन्हा मार्ग मोडला, तो २०२२ च्या ऑक्टोबरात पुरता दुरुस्त झाला. डोंगर उतरणीला लागला की तो इंजिन कोणते ते पाहत नाही. अशा वेळी 'वाफेशिवाय गाडी नको' असा हट्ट धरणे म्हणजे जुना वाडा पडत असता फक्त देवड्यांच्या रंगावरून भांडत बसणे होय. शिवाय माथेरानचा परिसर २००३ पासून पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील म्हणून जाहीर झालेला आहे. उन्हाळ्यात वाळलेल्या रानातून ठिणग्या उडविणारे इंजिन रोज नेणे हे कोणालाही जड जाईल.

तर मग वाफेला निरोपच द्यावा का? इथे मात्र मी थांबतो. दक्षिणेत निलगिरीचे उदाहरण पाहा. मेट्टुपाळयमहून कुन्नूरला जाणाऱ्या रुळांवर दर साडेबारा फुटांना एक फूट असा चढ आहे. दोन रुळांच्या मध्ये दातेरी पट्टी बसविली आहे आणि इंजिनाचे दातेरी चाक तिला धरून वर चढते. तिथे वाफेचे इंजिन आजही कामाचे आहे, आणि कुन्नूरपासून उटीपर्यंत गाडी डिझेल नेते. दोघांनी काम वाटून घेतले आहे. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट वेगळीच. जुनी स्विस इंजिने थकली, तेव्हा तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कारखान्याने २०११ पासून त्याच घडणीची नवी वाफेची इंजिने बांधली. आधी तेलावर चालणारी, आणि २०२१ साली कोळशावर चालणारेही. याचा अर्थ काय? बॉयलर बांधणारे, रिव्हेट ठोकणारे, वाफेचा दाब ओळखणारे हात त्या कारखान्यात पुन्हा तयार झाले. दार्जिलिंगलाही २००० सालापासून डिझेल आहे, तरी दार्जिलिंग ते घूम या फेऱ्यांसाठी शंभरी ओलांडलेली वाफेची इंजिने राबतातच. दार्जिलिंग १९९९ साली, निलगिरी २००५ साली आणि कालका-शिमला २००८ साली जागतिक वारशाच्या यादीत गेली. माथेरानची गाडी त्या यादीत नाही.

माथेरानलाही प्रयत्न झाला नाही असे नाही. २००० नंतर दार्जिलिंगचे एक जुने इंजिन नेरळला आणून ते तेलावर चालेल असे फेरफार केले. पण नेहमीची वाहतूक काही त्याच्या हाती आली नाही. इंजिन आणता येते. त्याच्याभोवतीची माणसे, शेड, दुरुस्तीची सवय ही एका मालगाडीत घालून आणता येत नाहीत.

अलीकडे एक तिसरी वाट निघाली आहे. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी गुजरातेत एकतानगर ते अहमदाबाद अशी एक गाडी सुरू झाली. तिचे इंजिन दिसते वाफेचे, चालते विजेवर. प्रवाशांना गंमत वाटते, वाटू द्या. पण त्याला वारसा म्हणू नये. नाटकातल्या शिवाजीने दाढी लावली म्हणून गड सर होत नाही. त्या वेशात कोळसा नाही, ठोका नाही, फायरमन नाही. जे जपायचे तेच नेमके वगळले आहे. त्यापेक्षा डिझेलने डिझेल म्हणून उजळ माथ्याने गाडी ओढावी.

कोणी विचारील, जुने म्हणून सगळेच जपायचे का? मुळीच नाही. त्याच माथेरानात माणसाने माणसाला ओढायच्या हातरिक्षा होत्या. त्याही जुन्याच. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला, आणि तो योग्यच झाला. ज्या जुन्या गोष्टीत माणसाचे हाल आहेत ती जाऊ द्यावी. जीत माणसाचे कसब आहे ती राहावी. फायरमनच्या कामात दोन्ही होते. रोज बारमाही ते काम कुणाच्या माथी मारू नये. पण वर्षातले काही ठरलेले दिवस, चांगले वेतन देऊन, पावसाळ्यानंतरच्या हिरव्या रानातून एखादे वाफेचे इंजिन चालविले, तर हाल टळतील आणि कसब टिकेल. विलायतेत वेल्सच्या डोंगरात तालिथलिन नावाची छोटी रेल्वे १९५१ पासून स्वयंसेवक चालवीत आले आहेत. तिथे नवी माणसे जुन्यांच्या हाताखाली आग धरायला शिकतात. आणि तिकडच्या अशा रेल्वेंवर आता निवृत्त झालेली डिझेल इंजिनेही तितक्याच मायेने जपली जातात.

माझे म्हणणे एवढेच. गाडी जपायची म्हणजे ती चालती ठेवायची. रोजचा भार डिझेलने वाहावा, वाफेची विद्या ठरलेल्या दिवशी जागी राहावी, आणि १९५५ च्या त्या पहिल्या डिझेललाही भंगार न समजता मानाची जागा द्यावी. लोखंड गंजते, पण लोखंड पुन्हा ओतता येते. ठोका ऐकून आगीचे मन ओळखणारा कान एकदा गेला की तो ओतता येत नाही.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. तुमच्या गावात किंवा शेजारच्या स्टेशनावर रेल्वेत राबलेला कोणी वृद्ध फायरमन, फिटर, गँगमन असेल तर त्याला एक दिवस वर्गात बोलवा. गावात तसा कोणी नसेल, तर मोट हाकलेला, गुऱ्हाळ चालविलेला, घाणा फिरविलेला माणूस तर नक्की असेल. मुलांना त्याला प्रश्न विचारू द्या. 'हे काय होते?' असा नव्हे, 'हे तुम्ही कसे करीत होता?' असा. उत्तरे वहीत उतरवून घ्या, त्याच्याच शब्दांत. आणि हे काम पुढच्या वर्षावर टाकू नका, कारण उत्तर देणारी माणसे वयाने थकली आहेत.