हवालदार : गडावरचा, पायदळांतला व जहाजावरचा

जुन्या कागदांत जो शब्द अनोळखी असतो तो वाचकास थांबवितो. जो ओळखीचा असतो तोच त्यास फसवितो. ‘हवालदार’ हा असाच एक शब्द होय. मोडी वाचूं लागलों तेव्हां आम्हीही गडाच्या हवालदारास शिपायांवरचा किरकोळ अंमलदार समजून पुढें गेलों होतों. सभासदाची बखर लक्षपूर्वक वाचली तेव्हां तो दोष ध्यानांत आला.

सभासद पायदळाची रचना देतो ती अशी : पांच नाइकांवर एक हवालदार, दोन-तीन हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमलेदारांवर एक हजारी. पागेंत पंचवीस बारगिरांवर एक हवालदार. परंतु गडावर हाच शब्द मुख्य अधिकाऱ्याचा वाचक आहे. तेथें हवालदार, सबनीस व सरनोबत एकमेकांवर नजर ठेवून कारभार करीत; हेतु हा कीं, एकट्याच्या फितुरीनें गड जाऊं नये. सारांश, शब्द एक, पण अधिकार पंचवीस स्वारांपासून अख्ख्या दुर्गापर्यंत.

याचें कारण व्युत्पत्तींतच आहे. अरबी ‘हवाला’ म्हणजे सोपविलेली वस्तु. फारसी ‘दार’ म्हणजे धारण करणारा. ज्याच्या हवालीं कांहीं केलें आहे तो हवालदार. किती केलें तें शब्द सांगत नाहीं. ‘नाईक’ हा संस्कृत ‘नायक’, नी धातूपासून, पुढें नेणारा. इंग्रजांचा ‘सार्जंट’ मात्र लॅटिन मुळापासून सेवा करणारा. एक नेतो, एक सांभाळतो, एक सेवा करतो.

आतां आरमाराकडे वळूं. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत पांच गुराबा व पंधरा गलबतें मिळून एक सुभा करावा, असा विचार आहे. इ. स. १७१३-१४ मध्यें बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीनें कान्होजी आंग्रे साताऱ्याच्या शाहू छत्रपतींच्या पक्षास आले व त्यांचें सरखेलपद कायम झालें. जहाजावर सारंग, तांडेल व खलाशी हे चालविणारे. शिपाई व गोलंदाज हे लढणारे. कागदांत या दोन्हींची गल्लत करूं नये.

इंग्रजांनीं इ. स. १६६४ त समुद्रावर लढण्यासाठीं वेगळी पायदळ पलटण उभारली. अशा पलटणींत अधिकारी व शिपाई यांतील दुवा सार्जंट असे. मुंबईंत कंपनीनें इ. स. १७७७ मध्यें आपली मरीन पलटण उभारली. तिचे देशी शिपाई कंपनीच्या जहाजांवर जात. पुढें सहाच वर्षांनीं, इ. स. १७८३ त, आनंदराव धुळपांनीं विजयदुर्गाजवळ इंग्रजांचें ‘रेंजर’ जहाज पाडाव केलें. मरीन पलटण इ. स. १८२४ त एकविसावी, १९०३ त एकशें एकविसावी पायोनियर झाली. १९३३ त पायोनियर पलटणीच मोडल्या.

कंपनीच्या फौजेंत सुभेदार, जमादार, हवालदार, नाईक हीं जुनींच नांवें राहिलीं. अर्थ मात्र उतरले. प्रांताचा कारभार पाहणारा सुभेदार गोऱ्या अधिकाऱ्याच्या हाताखालीं आला आणि गडाचा हवालदार सार्जंटाच्या बरोबरीस बसला. वरच्या जागा परक्यांनीं घेतल्या, म्हणून आपले शब्द खालीं सरकले, असें आमचें मत आहे. आजही भूदलांत व पोलिसांत हवालदार आहे. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरीसारख्या शिपाईगिरीच्या गांवांत हा शब्द घरोघरींचा आहे. तो मानाचाच आहे. परंतु त्या मानानें सतराव्या शतकाचा कागद मोजूं नये.

म्हणून संग्राहकांस आमची विनंती आहे : सूचींत नुसतें ‘हवालदार’ लिहूं नये. सन, ठिकाण आणि त्याच्या हवालीं काय होतें, हीं तीन टिपावीं. नाहींतर गडाचा धनी आपल्याच हातून शिपाई ठरेल, आणि ती चूक पुढच्या अभ्यासकास पुरावा म्हणून वारशानें मिळेल.