रिपॅक आणि कोबीची पानं

परवा शनिवारी पहाटे मार्केट यार्डात आपटलो. भाजीच्या गाळ्यांसमोर कोबीची ओली पानं पडलेली, ऐन वळणावर ब्रेक करकचून दाबला आणि पुढचं चाक गेलं. कोपर सोललं. (आईला सांगितलेलं नाही.) एका हमालमामांनी उठवलं. म्हणाले, "ब्रेक वळायच्या आधी मारायचा असतो, साहेब!"

घरी येऊन हळद लावली आणि वाचत बसलो. ब्रेकचं दुखणं माउंटन बाइकच्या जन्मापासूनचं आहे राव! ऑक्टोबर १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात, फेअरफॅक्सजवळच्या एका कच्च्या उतारावर शर्यत सुरू झाली. सायकली जुन्या, जाड टायरच्या. ब्रेक मागच्या हबमध्ये, पेडल उलटं दाबलं की लागायचा. उतरताना हब इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून जायचं, मग पुन्हा भरा. म्हणून शर्यतीचं नावच 'रिपॅक'! १९७७ मध्ये जो ब्रीझनं खास डोंगरासाठी फ्रेम बनवली, १९८१ मध्ये 'स्टम्पजम्पर' कारखान्यातून बाजारात आली. तेव्हा आपलं पुणं सायकलींचं शहर होतं खरं, पण रॉड ब्रेकवाल्या काळ्या सायकलींचं.

आज माझ्याकडे डिस्क ब्रेक आहेत आणि तरी मी पडलो. असो. वेग आधी कमी करायचा, वळताना बोटं सैल. उतारावर पेडल समांतर, बूड सीटच्या मागे, नजर चाकावर नाही तर पुढच्या रस्त्यावर. भरलेली हातगाडी उतारावर धरणारा हमालही असाच मागे रेलतो.

रविवारी पुन्हा त्याच वळणावर गेलो. पानं होतीच. ब्रेक आधी मारला, निघालो. हमालमामा बघतायत का पाहिलं, तर नव्हते.