मागेल त्याच्या दारी

एकाचे बोलणे अनेकांपर्यंत पोचविण्याचे दोन मार्ग जुने आहेत. टपालखाते प्रत्येकाच्या नावे निराळे पत्र पोचविते. नभोवाणी सर्वांसाठी एकदाच बोलते, कोणी ऐको वा न ऐको. संगणकांच्या जाळ्यातही प्रारंभी हेच दोन मार्ग होते. पहिल्यात शंभर संगणकांसाठी एकाच मजकुराची शंभर पाकिटे धाडावी लागत. दुसऱ्यात पाकीट सर्वांच्या दारी पडे आणि ज्यांचा त्याच्याशी संबंध नाही, त्यांच्याही कार्यप्रणालीला ते उघडून पाहावे लागे.

तिसरा मार्ग स्टीव्ह डीअरिंग ह्यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात असताना आखला. त्याला मल्टिकास्ट म्हणतात. १९८९ च्या ऑगस्टमध्ये त्याचे नियम आरएफसी १११२ ह्या दस्तऐवजात प्रसिद्ध झाले. २२४ ते २३९ ह्या आकड्यांनी सुरू होणारे पत्ते एखाद्या यंत्राचे नव्हेत, तर समूहाचे ठरले. ह्या योजनेतील मर्म असे की, सभासदांची यादी धाडणाऱ्याने ठेवायचीच नाही. ज्याला ऐकायचे असेल, त्याने आपल्या कार्यप्रणालीला तसे सांगावे. कार्यप्रणाली त्या समूहाची पाकिटे स्वीकारू लागते आणि जवळच्या राउटरला वर्दी देते. राउटरही माणसे मोजत नाही. त्या बाजूस निदान एक ऐकणारा आहे, एवढे त्याला पुरते. प्रती निघतात त्या वाटा फुटतात तेथेच.

परंतु त्या काळच्या बहुतेक राउटरांना ही विद्या अवगत नव्हती. तेव्हा युनिक्स संगणकांनाच राउटर करण्यात आले. मार्ग ठरवावा 'एमराउटेड' ह्या कार्यक्रमाने आणि पाकिटे पुढे धाडावी कार्यप्रणालीच्या गाभ्याने, अशी कामाची वाटणी झाली. अनभिज्ञ प्रदेश ओलांडताना समूहाचे पाकीट साध्या पाकिटात घालून नेत. १९९२ च्या मार्चमध्ये सॅन डिएगो येथील इंटरनेट अभियंत्यांच्या सभेतील भाषणे मल्टिकास्टद्वारे तीन खंडांतील वीस ठिकाणी ऐकू गेली.

तरीही सार्वजनिक इंटरनेटवर हा मार्ग रूढ झाला नाही. कोण बोलतो ह्यावर अंकुश नाही, किती जण ऐकतात ह्याचा हिशेब नाही. मग खर्च कोणी सोसावा, हा प्रश्न यंत्राचा नव्हे, व्यवहाराचा होता. एकाच संस्थेच्या जाळ्यात मात्र तो उद्भवत नाही, म्हणून तेथे मल्टिकास्ट टिकले.

मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजारात त्याचे महत्त्व निराळ्याच रीतीने प्रत्ययास आले. तेथे प्रत्येक सौद्याची तपशीलवार माहिती पूर्वी दलालांना एकेक करून धाडली जाई. त्यामुळे जो आधी जोडला जाई त्याला ती आधी मिळण्यास वाव राही. २०१९ च्या एप्रिलमधील 'सेबी'च्या आदेशात ह्या रचनेची चिकित्सा झाली. तत्पूर्वीच बाजाराने मल्टिकास्टचा अवलंब केला होता. एकच पाकीट सर्वांसाठी निघाले की रांगेत पहिला कोणी उरत नाही. श्रम वाचविण्यासाठी काढलेली युक्ती अशी समन्यायाच्या कामी आली.