लोखंडाचे गाव आणि तव्यावरचे धिरडे
भिलाईचे नाव काढले की डोळ्यांपुढे प्रथम झोतभट्टी उभी राहते. 1955 च्या फेब्रुवारीत सोव्हिएत रशियाशी करार झाला, 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन केले आणि राजहऱ्याच्या खाणीतील खनिजाचे येथे लोखंड होऊ लागले. हा इतिहास सर्वश्रुत आहे. मला सांगावयाचा आहे तो कारखान्याच्या वसाहतीतील, सेक्टर 2 सारख्या ठिकाणच्या स्वयंपाकघराचा. आणि गंमत अशी की, त्याचाही संबंध लोखंडाशीच येतो.

कारखान्याबरोबर वसाहत वाढली. बंगाली, तेलुगू, मल्याळी, पंजाबी व मराठी बिऱ्हाडे एका ओळीत राहू लागली. मराठी माणूस छत्तीसगडास सर्वस्वी नवखा नव्हता. बिंबाजी भोसल्यांनी 1758 पासून 1787 पर्यंत रतनपुराहून या मुलखाचा कारभार पाहिला होता. पण राजवटीपेक्षा चुलीचे नाते अधिक जवळचे. आपण ज्याला धिरडे म्हणतो, त्यालाच छत्तीसगडी शेजारीण चीला म्हणते. तांदळाचे पीठ पाण्यात कालवून तव्यावर पसरावयाचे, बरोबर टोमॅटोची झणझणीत चटणी. तिचा फरा म्हणजे भात व पीठ एकत्र मळून, वाफवून, वर तिळाची फोडणी दिलेले मुटके. आमच्या मुटकुळ्यांचे ते सख्खे भावंडच म्हणावयाचे! तेल महाग होते त्या काळातले हे पदार्थ; म्हणून त्यांत तळणे थोडे, भाजणे आणि वाफवणे फार.

पुढे तेल मुबलक झाले, मैदा आला, आणि मुलांची जीभ समोसा, भजी व चाऊमीन यांकडे वळली. यात मुलांचा अपराध मला दिसत नाही. वाढत्या वयाची भूक खरी असते, आणि दमून घरी आलेल्या मुलास काहीतरी गरम व चमचमीत हवेच. प्रश्न आहे तो त्या खाण्यातून मिळते काय, हा. सोळा ते अठरा वर्षांच्या मुलीस दिवसाला 32 मिलिग्रॅम लोह हवे, असे आपल्या आहारतज्ज्ञांनी 2020 मध्ये ठरविले आहे. उलट 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील 15 ते 19 वर्षांच्या मुलींपैकी शेकडा 59 जणींना रक्तक्षय आढळला. लोहाची उणीव हे त्याचे एकमेव कारण नसले, तरी प्रमुख कारण आहे. ज्या देशात रुळांसाठी लोखंडाचे पाट वाहतात, तेथे मुलींच्या रक्तात ते पुरेसे नसावे, ही गोष्ट मनाला लागते.

उपाय परदेशी डब्यातून आणावयास नको. आहारशास्त्रज्ञ डॉ. कमला सोहोनी यांनी नीरेसारखे साधे देशी पेय प्रयोगशाळेत तपासून आदिवासी किशोरवयीनांच्या पोषणासाठी त्याचा उपयोग दाखविला होता. तीच दृष्टी येथे लावावी. चीला मुलांना आवडतोच. त्याच पिठात बेसन घालावे, लाल भाजी किंवा मुनग्याचा, म्हणजे शेवग्याचा, पाला चिरून मिसळावा. पाला दिसला की मुले नाक मुरडतात हे खरे. तेव्हा तो इतका बारीक चिरावा की मिरची-कोथिंबिरीत लपून जाईल. भजीचे पीठही कढईऐवजी तव्यावर पसरता येते. वर लिंबू पिळावे, कारण आंबटातील क जीवनसत्त्वामुळे पालेभाजीतील लोह अंगी लागते. चहा मात्र त्याबरोबर देऊ नये, तो ते अडवतो, तासाभराने द्यावा.

आणि तवा लोखंडाचाच असावा. लोखंडी भांड्यात, विशेषतः आंबट पदार्थ शिजविताना, थोडे लोह अन्नात उतरते. गुळगुळीत लेपाचे तवे आल्यापासून कित्येक घरांतले जुने तवे माळ्यावर गंजत पडले आहेत. ते खाली काढून घासावेत, तेलाचा हात फिरवावा. दोन-चार धिरडी चिकटतील, पाचवे सुटून येईल.